ठिपके हलेनात

कुकुडवाडच्या माळावर लांडगीला पट्टा घातला
तेव्हा तिचं वजन सतरा किलो भरलं.
वहीत लिहिलं: मादी, डाव्या कानाला चीर.
पट्टा दर तीन तासांनी बोलतो,
दिवसाला आठ ठिपके.
दहिवडीच्या ऑफिसात, लाईट नसताना,
मोबाईलवर ते पडताना बघते मी
जोंधळे पाखडताना खडे पडावेत तसे.

वर्षभरात एवढं कळलं:
नवा रस्ता ती एकाच जागी ओलांडते,
पवनचक्कीच्या उताराखालच्या मोरीतून.
मोरी बुजवायची होती.
साताऱ्याच्या बैठकीत मी नकाशा पसरला,
तीनशे ठिपके, एकच भोक.
नाही बुजवली. साहेबांनी चहा सांगितला.

मग जानेवारीत ठिपके हलेनात.
एकावर एक, एकावर एक,
मुरमाच्या जुन्या खाणीच्या काठाला.
मेली म्हणावं, तर रात्री एखादा
ओढ्यापर्यंत जाऊन परत.
सहाव्या दिवशी माझी ट्यूब पेटली
आणि मी स्क्रीनचा उजेड कमी केला,
उगाच.

नवव्या दिवशी धुळाजी दडस दारात.
"दोन कोकरं नेली, मॅडम.
तुमच्या मोबाईलात दिसतं म्हणं समदं.
कुठाय ती?"

खिशात तिचा पत्ता होता,
दशांश चिन्हापुढं पाच आकडे.
मी म्हटलं, पंचनामा करू,
भरपाईचा अर्ज भरा, आधार कार्डाची झेरॉक्स लागेल.
पेन द्यायला गेले तर टोपणच निघेना.

त्यानं सही केली, सावकाश,
ड वर थांबून.
घोंगडं खांद्यावर टाकलं, चपला शोधल्या,
मग उंबऱ्यातूनच म्हणाला,
"खाणीकडं मेंढरं न्हेत न्हाय म्या, आठ दिस झालं.
कुत्रीबी बांधून ठेवतोय.
बाळंतीण हाय तिथं."

"मग मला विचारलंत कशाला?"

"बघत हुतो,
तुमी सांगताय का."

एप्रिलमध्ये पट्टा गळून पडला,
ठरल्या तारखेला, आपोआप.
शेवटचा ठिपका तरवडाच्या बुडात.
उचलला तर आतून चार राठ केस,
उन्हाचा आणि कुत्र्यासारखा वास.
नकाशा तिथून पुढं कोरा.

मोरीखालच्या फुफाट्यात मी उकिडवी बसले.
एक मोठी माग, डाव्या बाजूला झुकलेली,
तिच्यावरून धडपडत गेलेले लहान पंजे.
पुन्हा पुन्हा मोजले.
वहीत लिहिलं: पिल्लं तीन.

धुळाजी वर रस्त्यावर काठीला टेकून उभा.
"चार हायती," म्हणाला,
"एक मागं ऱ्हातंय."