उसनी जागा

खरेदी खात्याने नगामागे तीनशे रुपये वाचवले.
स्वतःची मेमरी नसलेली डिस्क घेतली,
लॅमिंग्टन रोडवरच्या जिग्नेशभाईंकडून, दीडशे नग,
आणि ड्रायव्हर लिहायला ती माझ्या टेबलावर आली.

वीज दिल्याबरोबर तिने नाव सांगितलं,
अनुक्रमांक सांगितला,
आणि लगेच, शेजारीण दारात वाटी घेऊन उभी राहते तसं:
थोडी जागा उसनी मिळेल का?
जमलं तर चौसष्ट एमबी.
निदान सोळा.
सलग नसली तरी चालेल, तुकड्यातुकड्यांनी द्या.

मला हसू आलं.
सलग जागा या शहरात कोणाला मिळालीय?
आमचंच ऑफिस स्पीकरच्या दुकानावरच्या माळ्यावर,
ग्रेशस डिमेलोने खुर्ची मागे सरकवली
की मला उठून उभं राहावं लागतं.

ग्रेशस म्हणाला, दे चौसष्ट.
तिला नकाशा पसरायचाय, कुठली नोंद कुठल्या खणात.
नकाशा हाताशी असला तर एका फेरीत सामान आणेल,
नसला तर आधी नकाशा आणायला खाली उतरेल,
मग सामानाला.

दिले.
आलेख असा चढला की आम्ही दोन कटिंग मागवले.
खाली कोणीतरी नवा स्पीकर तपासत होतं,
बशीतला चहा गोल गोल थरथरत होता.

चौथ्या दिवशी परळहून फोन.
तिथल्या लॅबमध्ये आमचं यंत्र रक्ताच्या स्लाइडचे फोटो ठेवतं.
निहारा दवणे, तंत्रज्ञ, आवाजात राग नाही:
मॅडम, फोटो मोठा करायला गेलं की खिडकीच बंद होते.

एक जीबीचं यंत्र.
त्यात कर्नल, कॅमेरा, पडदा,
आणि माझ्या चार रांगा, प्रत्येक कोअरला एक,
प्रत्येक रांगेपुढे ताटं मांडून ठेवलेली,
पाहुणा येवो न येवो.
ती मीच मांडली होती, वेगाच्या हौसेने.

जागा संपली की कर्नल बघतो सगळ्यात लठ्ठ कोण,
आणि त्याला उचलून बाहेर काढतो.
लठ्ठ होता तो बिचारा फोटो.
माझा ड्रायव्हर आतल्या खोलीत,
त्याला कोणी हात लावत नाही.
हे मला बरेच दिवस टोचत राहिलं.

मग सोळा.
आता उघडतं, निहारा म्हणाली,
पण मागचा पेशंट शोधायला नऊ सेकंद.
मी मोजले.

ती नऊ मोजते हे ऐकून मी परळला गेले.
तिच्या मागे स्टुलावर बसून सकाळभर पाहिलं.
ती कधीच सगळं मागत नाही.
आजची स्लाइड, त्याच माणसाची गेल्या महिन्यातली,
पुन्हा आजची.
एका वेळी एक. मध्ये डोळे चोळते.
माझ्या चाचणीत मात्र
हजार हात एकदम पसरलेले असायचे.
असे हात परळमध्ये कोणाला नाहीत.

चार रांगांची एक केली.
बरीचशी ताटं उचलली.
डिस्कला चोवीस दिले, तेही अकरा तुकड्यांत.
शोधायला दोन सेकंद,
आणि फोटो जागेवर.

दुपारी जेवायच्या सुट्टीत यंत्र झोपतं.
त्याआधी उसनं परत मागून घ्यायचं, अशी रीत आहे.
डिस्क कुरकुरत नाही, वाटी रिकामी करून देते.
नकाशाची प्रत जाते,
सामान जिथल्या तिथे.
जाग आली की पुन्हा दारात:
जमलं तर चौसष्ट.
दरवेळी चौसष्टच म्हणते, लाज म्हणून नाही.

ग्रेशसने कोड वाचला.
चोवीस का? बत्तीस तरी कर, आकडा गोल दिसतो.

मी आकडा तसाच ठेवला
आणि वर एक ओळ लिहिली,
माझ्यानंतर या माळ्यावर जो कोणी बसेल त्याच्यासाठी:
बदलण्याआधी परळला फोन करावा.
दवणे. साडेनऊनंतर.
त्याआधी त्यांच्या हातात रक्त असतं.