जंभेरी

पाऊस गेला तो न सांगता गेला.
कूलर अजून खिडकीतच आहे, कारण ऑक्टोबरात
पुन्हा एकदा लागतोच तो
दहा-बारा दिवस. खस काळपट, टाकीत पाल.
दुपारी अंगणात पाय ठेवला की
काळी माती तळव्याला सांगते,
आता मी फाटणार.

इथे शरदात काही गळत नाही,
पानगळ आमची फाल्गुनात.
आत्ता सगळं उगीच वाढत बसतं:
तोंडलीचा वेल वाकोडकरांच्या अँटेनावर,
कण्हेरीखाली गाजरगवत कमरेएवढं.
शेवंतीला कळ्या आहेत, हिरव्या, घट्ट,
थंडीची वाट पाहतात.
मीही पाहते.

रविवारी डोमाजी आले. सायकल कुंपणाला टेकवली,
विळा ओला करून दगडावर घासला,
आणि संत्र्यापाशी उभे राहिले जरा जास्तच वेळ.
'बाई, हे संत्रं नाही.'
मी म्हटलं, यांनी स्वतः आणलं होतं वरुडहून,
मोटारसायकलवर, मागे मी, माझ्या मांडीवर पिशवी,
पिशवीत मातीचा गोळा आणि हातभर काडी,
सगळ्या रस्त्यानं ती हनुवटीला टोचत होती.
डोमाजींनी पान चुरगळून नाकापाशी धरलं.
'कलम मेली. पाहा, हा डोळा बांधल्याचा वण.
वरचं वाळलं. हे जे उठलं ते खालचं,
खुंटाचं. जंभेरी हाय हे. कापून टाकू काय?'

केव्हा मेली?
त्या मे महिन्यात असेल, जेव्हा मी
दीड महिना दवाखान्याच्या बाकावर होते
आणि नळीनं पाणी घालणारं कोणी नव्हतं.
एकटी परत आले तेव्हा बुंध्याशी हिरवं दिसलं.
वाटलं, हे तरी वाचलं.
चार वर्षं मी त्याला संत्रं म्हणत होते.
त्यानं एकदाही नाही म्हटलं नाही,
फक्त काटे वाढवत राहिलं.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं
माझं नवं नाव लिहिलं होतं.
एक्केचाळीस वर्षं मी त्याला ओ देते.
जुनं नाव ठाऊक असलेला नथ्थूदादा
तुमसरला असतो. त्याला आता ऐकू येत नाही,
म्हणून फोनवर फारच मोठ्यानं ओरडतो,
'गोदे!'
आणि मांडणीवरची भांडी दचकतात.

झाडावर सात फळं आहेत. खडबडीत,
सालीवर पुटकुळ्या, पिवळी पडायला लागलेली.
'राहू द्या,' मी म्हटलं. 'तोंडली तेवढी उतरवा.'
डोमाजींनी मान हलवली,
म्हणजे पटलं नव्हतं.

संध्याकाळी पाणी घालायला गेले तर
बोटभर काटा पदरात अडकला.
सोडवता सोडवता अंधार झाला,
अजनीकडून मालगाडीची शिट्टी आली, लांबच लांब.
एक फळ तोडलं, ओट्यावर कापलं, चाखलं.
डोळे आपोआप मिटले, कानशिलं झिणझिणली.

उरलेली सहा मिठात घालीन.
बरणीवर चिठ्ठी लावायची आहे.
शाई वाळलेलं पेन
मी कधीची कागदावर घोटते आहे.