मधला आवाज

जाहिरातींना तीन मिनिटं.
नानुली माझ्या कपाळावर पुन्हा पावडर थापते,
कानातलं यंत्र म्हणतं, लामाराबाई, जरा हसा.
पुढ्यातल्या पेल्यात प्रायोजकाचं डाळिंबाचं सरबत,
प्यायचं नाही, नुसतं दिसू द्यायचं.

तोर्निके झेस्टाफोनीत टायर बदलतो.
वरच्या सुरावर त्याचा गळा किंचित फाटला,
तिथंच तो मला आवडला,
आणि गुणही तिथंच कापायचे असतात.
म्झेविनार एकोणीस वर्षांची, मेस्तियाकडची.
सूर इतका लख्ख
की माझी कवळी माझ्याच जिभेला टोचली.

आमच्या गावात एकटं कुणी गातच नसे.
एकाचा श्वास संपला की दुसरा उचलायचा,
तिसरा तोंडातला घास गिळून खर्ज धरायचा.
चांगलं कोण गातं, हे कुणी विचारल्याचं आठवत नाही.
त्बिलिसीत मला त्याच प्रश्नाचा पगार मिळतो.

पडद्यामागून ऐकू येतंय :
दोघं हलकेच काहीतरी धरून बसलीत,
आणि केबल गुंडाळणारा एक माणूस
खालून खर्ज देतोय.
मधली जागा रिकामी.
मला येतो तो आवाज. साठ वर्षं येतो.

दिवे लागले.

तिला नऊ दिले, त्याला आठ.
सोनेरी कागद उडाले, कुणाची तरी आई रडली.
तोर्निकेनं वाकून माझा हात हातात घेतला,
ग्रीसचा वास अजून गेला नव्हता.

रात्री बेसिनशी पावडर उतरवताना
नळाच्या पाइपानं घूं लावला,
मी नकळत मधलं धरलं.
पलीकडून शेजारच्या झुराबनं भिंतीवर थाप मारली,
गप्प बसा म्हणून
की ठेक्याला, कळलं नाही.
मी थांबले नाही.