वेन्ला, चाव्या टपालपेटीत आहेत

सोमवारपासून चार दिवस खोली तुझी.
आधी हीटर लाव, मग वीज, मग अर्धा तास काहीच नको.
रॅकमधल्या राखाडी मिक्सरला
कोत्काच्या जानेवारीत जाग यायला वेळ लागतो.
तोवर कॉफी पी. कप मात्र त्याच्या डोक्यावर ठेवू नकोस.
एन्सिओने एकदाच ठेवला होता,
तेव्हापासून बारा नंबर गोड गातो,
पण मनात आलं तर.

चॅनल सोळा, चालणारे चौदा,
भरवशाचे अकरा.
दोनचा आवाज वाढवताना मधे खड्डा लागतो,
घड्याळात दीड वाजतो तिथे.
रेंगाळू नकोस. सायकलवरून जातेस तशी
सीटवरून जरा उठून निघून जा.
पाचला डावीकडे वळवलं की तो उजवीकडे जातो.
का, ते विचारू नकोस. माझं विचारून झालंय.
सातचा दिवा लागलाच नाही
तर कानाखाली, उजव्या अंगाला, एक हलकीशी द्यायची.
रागाने दिलेली त्याला कळते.

चारमध्ये बंदरातली माणसं येतात.
क्रेनवाल्यांचा वायरलेस कुठूनसा शिरतो,
खाली, अजून खाली, थांब, थांब.
एका टँगोच्या शेवटी ते राहूनच गेलंय.
बाई म्हणतायत, तू परत येणार नाहीस,
आणि त्यांच्या आवाजाखाली कुणीतरी
एक कंटेनर उतरवतोय, अगदी जपून.
समुद्रावरून वारा असेल तर चार बंद ठेव.
किंवा राहू दे.

वीजपुरवठ्याची गुणगुण जायची नाही.
म्हातारा अर्वो त्याच गुणगुणीवर डबलबेस लावून घेतो,
म्हणतो, बायको बेसूर झाली, मुलगा झाला,
वीजमंडळ अजून झालेलं नाही.

आता नऊ.
त्यावर चिकटपट्टी आहे, अक्षर माझं: वापरू नये.
रात्री सगळे गेले की बाकीचे पंधरा खाली ओढून
एकट्या नऊवर, हेडफोनमधून,
खोलीची शांतता ऐकायची माझी जुनी सवय.
तिथे एक बारीक शीं लागली,
किटली उकळण्याआधी करते तशी.
स्प्रे मारला. कपॅसिटर बदलले. केबल बदलली.
शेवटी पट्टी लावली
आणि अकरा वर्षं कानाडोळा केला.

नोव्हेंबरात तुओमो आला, मीटर घेऊन.
नऊला तपासलं, पुन्हा तपासलं.
काटा हललाच नाही.
त्याने झाकण बसवलं, स्क्रू एकेक करून पिळले,
माझ्याकडे न बघता म्हणाला,
राइली, वीज मघाशीच बंद केलीय मी.

शीं चालूच होती.

तर मी लाहतीला चाललेय, कानांच्या दवाखान्यात.
तिथली मुलं बटणं फिरवतील,
ऐकू आलं की हात वर करायला सांगतील.
त्यांच्यासाठी अशी चिठ्ठी कुणी ठेवलेली नाही,
की डावा थंडीत उशिरा उठतो,
उजव्याला बायकांचे आवाज आधी कळतात,
की ही बाई वरच्या पट्टीतलं बरंचसं
आठवणीतून भरून काढते, आणि ते जमतं.
मीच लिहावी म्हणून बसले होते.
तुलाच लिहून झाली.

नऊ वापर.
पट्टी खरवडू नकोस, गोंद रंग घेऊन निघेल.
शुक्रवारी अकॉर्डियनवाला येतोय, त्याला नऊ दे,
आणि कसा वाजला ते कळव,
फोनवर नको, लिहून.

बंद करताना आधी स्पीकर, मग मिक्सर,
नाहीतर असा धप्पकन आवाज येतो
की वरच्या मजल्यावरची हिल्क्का काठी आपटते.
हीटर शेवटी.
दूध संपलंय.