पाच अंश

दोन आटे गोडीत जातात,
तिसऱ्याला अडतं.
इमरिस पाना आपटतो, वेल्शमध्ये शिवी देतो.
गाडी सदुसष्टची, हिरवी;
ऑइल कूलर इथला, पाइप अमेरिकेचा,
नट कुणाचाच नाही.

दुकानात नेरिस भिंगातून बघते.
‘इंचाला चौदाच आटे, दोघांचेही.
पण कोन? हा पंचावन्न अंश, तुझा साठ.
जोर केलास तर बसेल रे.
मग घाटात गळेल.’

काउंटरखालून बिस्किटांचा डबा,
झाकणावर नवऱ्याचं तेलकट अक्षर.
चौथा नट
नुसत्या बोटांनी फिरतो,
शेवटपर्यंत.

‘किती झाले?’
ती झाकण दाबून बसवते.
‘सुरू झाली की दारावरून ने.
हॉर्न नको.
आवाज ओळखते मी तिचा.’