नकाशा क्रमांक चार

पहिल्या नकाशात सगळं होतं.
ओसरी, सपरी, मधे आंगण, मागे सांदवाडी,
चारी अंगांनी उतरतं कवेलूचं छप्पर,
सागाचं मयाल, बांबूचे फाटे,
दीड हाताची मातीची भिंत, तिच्यात कोनाडे.
नागभीडकडच्या अकरा गावांत फिरून
मी मापं आणली होती वहीत,
चौकटीची, उंबऱ्याची,
जात्याच्या बैठकीचीसुद्धा.

भर्रे सरांनी कागद टेबलावर पसरला,
एका कोपऱ्यावर चष्म्याचं घर ठेवलं, दुसऱ्यावर स्टीलची वाटी.
'हे तं आमचंच जुनं घर हाय.
ते पाडून हेच बांधाचं, अन् वरून तुमची फी?'
हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

त्यांना स्लॅब हवा होता,
ब्रह्मपुरीत साडूच्या बंगल्याला आहे तसा,
समोरून काचेचा पट्टा, जिन्याला चकचकीत कठडा.
मी मे महिन्याबद्दल बोललो.
सत्तेचाळीस अंश; रात्री दोनला
स्लॅबखालच्या भिंतीला हात लावून बघा म्हणालो.
निळ्या पेन्सिलीनं वाऱ्याचे बाण काढले,
ओसरीतून आत, आंगणातून वर.
सर त्या बाणांकडे
वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तसे बघत राहिले.

पंचफुलाबाई चहा घेऊन आल्या.
बोट ठेवलं नेमकं आंगणावर.
'हे कोन सारवन जी?'

मी थांबलो.

'तुमाले थंड लागते ते मातीनं नाई लागत.
कोनीतरी शेन कालवते, म्हनून लागते.
कवेलू वानरं फोडतेत. फेराले मानूस भेटत नाई.
भेटला तं टोपलं घेऊन खाली उभं कोन राहते?'
गुडघा दाखवला नाही त्यांनी,
फक्त बसताना टेबलाचा काठ धरला.

वहीत भिंतींची जाडी होती, कोनाड्यांची खोली होती.
अकरा गावांत एकदाही मी विचारलं नव्हतं
पहाटे इथं कोण वाकतं.

दुसऱ्या नकाशात आंगण लहान झालं, फरशी आली,
बादलीभर पाणी आपोआप नालीत जाईल इतका उतार.
तिसऱ्यात तिरपा स्लॅब,
त्यावर जुन्याच घराची कवेलू सिमेंटात बसवलेली,
वानरांनी वाटेल तेवढं नाचावं.
वासेकर मिस्त्री म्हणाला, डबल खर्च.
थोडा खरा होता, थोडा त्याचा.
न्हाणी आत आली.
स्वयंपाकघराला रस्त्याकडे खिडकी; सरांना पसंत नव्हती, राहिली.
काचेचा पट्टाही राहिला, उत्तरेला, सरांसाठी.
मला तो आजही आवडत नाही.

'अजून काही?'
त्या उठल्या, मला फाटकापाशी घेऊन गेल्या.
आत, उजवीकडे, छातीएवढा मातीचा ठोकळा.
पडक्या भिंतीचा तुकडा समजून
मी तो मापातून गाळला होता.
'एकटं असलं तं भारा उतरवाले
कोनाले हाक माराची गरज नाई.
मान झुकवली का सरकते.'
'आता भारा कोण आणतं?'
'कोनी नाई. धान मशीननं कापते.'
मग, फाटकाची कडी लावत, 'पन राहू द्या.'

टेपचं टोक त्यांच्या टाचेशी धरलं,
खांद्यापर्यंत नेलं.
त्या सरळ उभ्या राहिल्या,
शाळेत उंची मोजतात तशा, हनुवटी जरा वर.
चार फूट दोन इंच.

नकाशा क्रमांक चारमध्ये तो चौकोन आहे.
नाव लिहिलेलं नाही.
वासेकर फोनवर विचारतो, हे तुळशीचं का?
नाही म्हणतो.
उंची तेवढी चुकवू नको.