स्टेपनीतली हवा

उदगीरला, देगलूर नाक्यावर, खताच्या दुकानाशेजारी
माझ्या कॉम्प्रेसरची धाप दुपारी तीनला थांबते.
त्या दिवशी थांबायच्या आतच
डॉक्टर नीलांबिकाबाईंची फियाट येऊन उभी राहिली.
चौसष्टचं मॉडेल, रंग शिळ्या ताकाचा.
मैनोद्दीनचाचा उतरले, दार असं लावलं
जसं आत कुणाचा डोळा लागलाय.

टायर बघितले. नक्षी जशीच्या तशी,
कंगव्यानं विंचरल्यासारखी.
पण बगलेत भेगा,
वैशाखात काळ्या रानाला पडतात तशा.
"बाई, हे चालून झिजले नाहीत,
उभ्या उभ्या मेलेत."
बाई म्हणाल्या, "माणसंबी तशीच जातात की.
पुढं बोल."

पुढं बोललो.
पाच-वीस चौदा आता मिळत नाही,
हैदराबादेत एकाकडं आहेत म्हणतात, तो फोन उचलत नाही.
रेडियल घालू. एकशे पासष्ट, सत्तर, आर चौदा.
रुंदीला जास्त, उंचीला बोटभर कमी.
उभ्या गाडीत स्टेअरिंग जड लागंल,
पळायला लागली की मात्र सरळ,
ह्या रस्त्यानं कधी गेली नसंल इतकी सरळ.
ट्यूब घालावीच लागंल.
जुन्या रिमला आतून तो उंचवटा नसतो,
वळणावर काठ सुटला की हवा एकदम जाते.
आन् मीटर जरासं खोटं बोलंल,
पन्नासाला एकावन्न.

"म्हणजे देगलूर लांब गेलं?"
"एक किलोमीटर."
"जाऊ दे. तिथं आता आहे कोण."

बसूनं जॅक लावला.
जुना टायर रिमला असा धरून बसलेला
की दोन लोखंडी पट्ट्या, साबणाचं पाणी
आणि बसूच्या तोंडची एक शिवी, एवढं सगळं लागलं.
चाकाची वाटी काढताना माती पडली, सुकलेली, लाल.
आमच्याकडची नव्हे. बिदरची.
कुठल्या फेरीतली, कुणाला आठवेना.
बाई म्हणाल्या, बाळंतपणाला गेले असंन कुठंतरी.
चाचा म्हणाले, नाही, लग्नाला.
तेवढ्यावर दोघं बराच वेळ भांडले.

तारेच्या ब्रशनं गंज काढला, हात काळे-तांबडे.
नवं रबर चढलं, हवा भरली,
फट्‌ करून काठ बसला
आणि बाई खुर्चीत दचकल्या.
चाळीस ग्रॅम शिसं चिकटवलं एका चाकाला.
चारी चाकं खाली टेकली तेव्हा
म्हाताऱ्याला नातवाचे बूट घातल्यासारखी दिसली गाडी.
मी हसलो नाही. बाई हसल्या.

"पाचवं?"
"ते राहू दे.
आमच्या दादांनी भरलेली हवा आहे त्याच्यात.
ब्याण्णवची दिवाळी, धोतर खोचून, पायपंपानं.
भरली, हात धुतले, आन् म्हणाले, आता चिंता नाही.
संक्रांतीला गेले.
हात लावू नको त्याला."

सांगणार होतो:
बाई, ट्यूब आहे ती, रबर आहे,
सहा महिन्यांत दम सोडतंय.
सवयीनं गेज मात्र लावून बसलो होतो.
चोवीस पौंड.
काटा जरासुद्धा इकडं नाही, तिकडं नाही.

मान वर केली.
मैनोद्दीनचाचा रस्त्याकडं बघत होते,
सोयाबीनच्या ट्रॉल्या मोजत असावेत.
डिकीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली पायपंप,
त्याच्या पावड्यावरचा रंग
एका टाचेएवढाच उडालेला.

"आहे ना रे हवा?"
"आहे, बाई. जशीच्या तशी."

वॉल्व्हची टोपी दोन आटे जास्त आवळली.
पावतीत चारच लिहिले.
गाडी निघताना चाचांच्या खिडकीशी वाकलो,
हळूच सांगितलं,
"नव्यांच्या जोडीला हे जुनं चालवू नका,
लावावंच लागलं तर मागं लावा,
आन् गाव गाठेस्तोवर हळू."

चाचांनी गियर टाकला.
म्हणाले, "ते लावायचं नसतंच."